खाडीला पाणी कधी असतं?

निसर्गछायाचित्रणाच्या या सदराकडे यावेळी आलेले बहुतेक प्रश्न खाडीकाठचे आणि डोंगरपायथ्याचे आहेत. पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे, कारण ऐरोली, वाशी, सीवूड्स, कोलशेत अशा सगळीकडून तोच वेगवेगळ्या शब्दांत आला आहे.

प्रश्न : सूर्यास्ताचे फोटो काढायला ऐरोलीच्या खाडीवर पंधरा-पंधरा दिवसांनी तीन रविवार गेलो. तिन्ही वेळा समोर नुसता चिखल. पाण्यातलं केशरी प्रतिबिंब मिळायला नेमकं कधी जायचं? (एक वाचक, ऐरोली)

पंधरा दिवसांनी गेलात, तिथेच गफलत झाली. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते आणि पंधरवड्यात फिरून पुन्हा जवळपास तिथेच येते. पहिल्या रविवारी संध्याकाळी ओहोटी होती म्हणजे पुढच्या दोन्ही वेळा ती असणारच होती. दोन खेपांच्या मधे सुटलेला रविवार धरला असतात तर पाणी दिसलं असतं.

यासाठी आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब अजूनही उत्तम चालतो. तिथीच्या आकड्याला ३ ने गुणायचं आणि ४ ने भागायचं. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. पक्ष कोणताही असो. अष्टमीला ८ × ३ = २४, भागिले ४, म्हणजे सहा वाजता. नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी, आणि दोन भरत्यांच्या मधोमध ओहोटी. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी छापलेली असतेच. हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्याचा आहे. खाडीत आत ठाण्याकडे पाणी थोडं उशिरा पोहोचतं, त्यामुळे पहिल्या खेपेला तासभर थांबायच्या तयारीने जा आणि तुमच्या जागेवर पाणी किती वाजता किती चढलं ते वहीत लिहून ठेवा. दोन-तीन नोंदींत तुमच्या जागेचा फरक हाती येतो.

आता यातली खरी गोम. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती दुपारी-मध्यरात्री बाराच्या सुमारास येते, म्हणून त्या दिवसांत सूर्यास्ताला नेमकी ओहोटी असते, आणि तीही सगळ्यात खोल. उलट अष्टमीच्या आसपास संध्याकाळी भरती असते, पण ती भांगाची, म्हणजे पाणी पुरतं चढत नाही. काठोकाठ भरलेली खाडी आणि मावळता सूर्य ही जोडी आपल्याकडे जमतच नाही. त्यातल्या त्यात सप्तमी ते दशमी हे चार दिवस धरा. नवमी-दशमीला सूर्यास्ताच्या वेळी पाणी अजून चढत असतं, त्यामुळे चित्र दर दहा मिनिटांनी सुधारत जातं.

प्रतिबिंबाला पाण्याइतकाच वारा महत्त्वाचा. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की पाण्यावर सुरकुत्या पडतात आणि सूर्याचा गोळा न दिसता लांब चमकता पट्टा दिसतो. हा पट्टाही सुंदर असतो, तो सरळ कॅमेऱ्याकडे येईल असं उभं राहा. सूर्य कुठे बुडेल तेही आधी पाहून ठेवा. आपल्या अक्षांशावर तो जूनमध्ये पश्चिमेच्या २५ अंश उत्तरेला मावळतो आणि डिसेंबरमध्ये २५ अंश दक्षिणेला. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची, म्हणजे एकाच जागेवरून वर्षभरात सूर्यास्त पाच मुठी सरकतो. मेमध्ये पसंत पडलेली चौकट जानेवारीत सूर्याशिवायच राहील.

आणि चिखलाला इतक्यात नाकारू नका. उधाणाच्या ओहोटीला शेवटच्या तासाभरात चिखलावर पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो. वळणं घेत उतरणारे ओहोळ आकाशाचा रंग पकडतात आणि बाजूचा चिखल गडद होतो. केशरी रेघ आणि काळी जमीन, इतकं स्पष्ट चित्र भरल्या खाडीतही मिळत नाही. जवळून पाहिलंत तर त्याच चिखलावर निवट्यांनी ओढलेल्या रेघा, खेकड्यांची बिळं आणि तिवरांची वर आलेली पेन्सिलीसारखी श्वसनमुळं दिसतात. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणा आणि क्षितिज वरच्या तिसऱ्या भागात ठेवा. १८ मिमी लेन्स असलेल्या साध्या डीएसएलआरवर एफ/८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) ठेवून दोन ते अडीच मीटरवर फोकस केला की सव्वा मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट टिपलं जातं. क्षितिजावर फोकस केलात तर पुढच्या रेघा मऊ पडतात, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. एफ/२२ वर जाऊ नका. तिथे एकूण चित्रच मऊ होतं.

हे सगळं बांधावरून किंवा पक्क्या काठावरून. चिखलात उतरू नका. पाय मांडीपर्यंत आत जातो, ओढून निघत नाही, आणि भरती थांबत नाही. शिवाय पायाखाली येतात ती तिवरांची नाकं असतात. हा परिसर २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. नोव्हेंबर ते मे या काळात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, इथे असतात. पाणी चढू लागलं की ते काठाच्या बाजूला सरकतात, तेव्हा न हलता थांबा. निसर्गदृश्यात ते गुलाबी रेघेसारखे लहान दिसलेलेच शोभतात. ते उडावेत म्हणून टाळी वाजवणं, दगड मारणं हे कधीही करू नये.

प्रश्न : मोबाइलवर सूर्यास्त ६:३० चा दाखवत होता. सहाला उपवनला पोहोचले तर सूर्य दिसलाच नाही, आकाशात ढगही नव्हते. (एक वाचक, ठाणे पश्चिम)

मोबाइल सपाट क्षितिजाची वेळ सांगतो. उपवनच्या पश्चिमेला येऊरचा डोंगर उभा आहे. तलावाच्या काठावर उभं राहून हात लांब करा आणि पाण्याच्या रेषेपासून डोंगरमाथ्यापर्यंत किती मुठी बसतात ते मोजा. एक मूठ म्हणजे सुमारे पाऊण तास, एक बोट म्हणजे आठ-नऊ मिनिटं. तेवढी वेळ छापील सूर्यास्तातून वजा करा. उपवनची खरी वेळ मात्र सकाळची आहे. सूर्य तुमच्या पाठीमागून वर येतो, कोवळं ऊन थेट येऊरच्या उतारावर पडतं, आणि वारा सुटण्याआधी तलाव आरशासारखा असतो. नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्योदयानंतरचा पहिला अर्धा तास त्यासाठी राखून ठेवा.

प्रश्न : माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. आकाश नीट आलं तर जमीन काळी, जमीन आली तर आकाश पांढरं. (एक वाचक, घणसोली)

सूर्याच्या जवळच्या, पण सूर्य सोडून, सगळ्यात उजळ ढगावर बोट टेकवा आणि कुलपाचं चिन्ह किंवा ‘लॉक’ दिसेपर्यंत दाबून धरा. मग बोट खाली ओढत जा. ढगाच्या कडा दिसू लागल्या की थांबा आणि फोटो घ्या. पडद्यावर जमीन काळपट वाटेल, वाटू द्या. काळ्या भागात माहिती उरलेली असते, ती नंतर शॅडो वाढवून बरीच वर आणता येते. पांढरं पडलेलं आकाश मात्र कोणत्याही अ‍ॅपने परत येत नाही. फोनमध्ये प्रो मोड असेल तर रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) घ्या, वर काढायला जास्त वाव मिळतो. एचडीआर चालू ठेवायला हरकत नाही, पण तो अनेक फोटो जोडतो. वाऱ्यात माड किंवा गवत हलत असेल तर पानं दुहेरी दिसतात.

बोटांनी झूम करू नका, त्याने चित्र फक्त फाटतं. आणि फोटो काढण्याआधी लेन्स सुती रुमालाने पुसा. सूर्यातून तिरपी निघणारी ती धुरकट रेघ प्रकाशाची नसते, बोटांच्या तेलाची असते. आमच्याकडे येणाऱ्या मोबाइलच्या फोटोंमधला हा सर्वात मोठा दोष, आणि सर्वात सोपाही.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यानंतर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. यंदा काय काळजी घेऊ? शिवाय धबधब्याचं पाणी दुधासारखं यायला काय करावं? (एक वाचक, खारघर)

जाळं म्हणजे बुरशी. ती काचेवरचा लेप खात जाते, म्हणून लवकरात लवकर चांगल्या दुरुस्तीवाल्याकडे द्या. स्वतः लेन्स उघडू नका आणि तोवर ती इतर लेन्सपासून वेगळी ठेवा. हवेतला ओलावा ६० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला, आणि वस्तू अंधारात बंद पडून राहिली, की बुरशी धरते. चामड्याचं कव्हर आणि फोमची बॅग ओलावा धरून ठेवतात, म्हणून जून ते सप्टेंबर त्यांत काहीच ठेवू नका. रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या, तळाशी सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. दहा लिटरच्या डब्याला शंभर-दीडशे ग्रॅम पुरे. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. फार खाली गेला तर रबर आणि वंगण सुकतात. जेलचा रंग बदलला की ते १२० अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरता येतं. निळे दाणे टाळा, नारिंगी घ्या, आणि तापवायला स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. आठवड्यातून एकदा कॅमेरा हाताळलात तर डब्याइतकंच काम होतं.

एसीच्या खोलीतून बाहेर पडताच लेन्सवर बाष्प धरतं. पुसू नका, पुन्हा येतं. बॅग अर्धा तास बंदच राहू द्या, काच बाहेरच्या हवेइतकी गरम झाली की ते आपोआप जातं.

धबधब्याबद्दल. तुमच्या खारघरच्या पांडवकडा धबधब्याजवळ पावसाळ्यात जायला बंदी असते, आणि ती योग्य आहे. तिथे पाण्याने माणसं ओढून नेली आहेत. १०७ मीटर उंचीची धार लांबूनच डोंगरासकट छान बसते. ७० ते २०० मिमीची लेन्स आणि ट्रायपॉड लावा. ढगाळ दिवशी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १०० आणि एफ/११ ला शटर १/३० च्या आसपास येतो. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा; सहा स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावला की वेळ ६४ पट, म्हणजे सुमारे दोन सेकंद. दूरच्या धारेला एवढा वेळ लागतो, जवळच्या ओढ्याला पाव ते एक सेकंद पुरतो. त्याहून जास्त दिलात तर पाण्याचा पोत जाऊन नुसता पांढरा पट्टा उरतो. पोलरायझर फिरवून ओल्या पानांवरची चमक काढलीत तर हिरवा रंग खुलतो, मात्र तो दीडेक स्टॉप उजेड खातो, तेवढा वेळ वाढवा.

प्रश्न : आमच्या हौशी चित्रकार-छायाचित्रकारांच्या ऑनलाइन गटात सगळे प्रेमळ आहेत. फोटो टाकला की ‘अप्रतिम’, टाळ्या, फुलं. पण चुकलं कुठे ते कोणी सांगत नाही. मी कुणाला सांगायला जावं तर त्यांना वाईट वाटेल असं वाटतं. (एक वाचक, कळवा)

असा गट मिळणं ही मोठी गोष्ट आहे, तो प्रेमळपणा घालवू नका. फक्त फोटोबरोबर प्रश्न टाकायला लागा. ‘कसा आहे?’ या प्रश्नाला ‘मस्त’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा, ‘तुमची नजर आधी कुठे गेली?’ किंवा ‘आकाश निम्मं कापलं तर चालेल का?’ एका वेळी एकच प्रश्न. सोबत ठिकाण, वेळ, लेन्स आणि काय टिपायचं होतं ते एका वाक्यात. तुमच्या पत्रासोबतच्या फोटोत पारसिकच्या डोंगरावर उतरलेलं धुकं हा विषय आहे, पण नजर पुन्हा पुन्हा डाव्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या होर्डिंगकडे जाते, कारण चित्रातली सगळ्यात उजळ जागा तीच आहे. दोन पावलं उजवीकडे सरकलं असतं तर ती झाडामागे गेली असती. ‘नजर कुठे गेली’ हा प्रश्न विचारला असता तर गटातल्या कुणीही हे सांगितलं असतं, त्याला छायाचित्रकार असावं लागत नाही. चित्रकार मंडळी तर उजेड-काळोखाचं वजन आपल्यापेक्षा लवकर पकडतात, त्यांना आवर्जून विचारा.

दुसऱ्याच्या फोटोवर बोलताना जे दिसतं ते सांगा, निकाल देऊ नका. ‘क्षितिज वाकडं आहे, लक्ष द्या’ यापेक्षा ‘पाणी उजवीकडे ओघळल्यासारखं वाटतं, एखादा अंश फिरवून बघाल का?’ असं. आधी काय जमलंय ते नेमकं सांगा, मग एकच बदल आणि त्याचं कारण. पाच सुधारणा एकदम सांगितल्या की माणूस पुढच्या वेळी फोटो टाकत नाही. आणि न विचारता दुसऱ्याचा फोटो एडिट करून परत टाकू नका. तो त्याचा आहे.

एक तांत्रिक गोष्ट. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की फाइल दाबली जाते, धुक्यात आणि संध्याकाळच्या आकाशात पट्टे दिसू लागतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा लांब बाजू २०४८ पिक्सेल, एसआरजीबी ही रंगपद्धत, दर्जा ८५ टक्के अशी प्रत आधी तयार करा. पक्ष्याचं घरटं किंवा नाजूक जागा असेल तर फाइलमधली स्थाननोंद काढून टाका.

प्रश्न : १२ मेगापिक्सेलच्या फोनमधला फोटो भिंतीवर किती मोठा लावता येईल? (एक वाचक, नेरूळ)

४००० × ३००० पिक्सेलचा फोटो इंचाला ३०० पिक्सेल धरून साधारण १३ × १० इंच होतो. भिंतीवरचं चित्र चार-पाच फुटांवरून बघतात, तेव्हा २०० नेही भागतं; २० × १५ इंचांपर्यंत जा. छापून आल्यावर फोटो हमखास काळपट दिसतो, कारण तो फोनच्या उजळ पडद्यावर ठरवलेला असतो. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणून ब्राइटनेस पुन्हा ठरवा, आणि मोठी प्रत काढण्याआधी त्याच कागदावर ४ × ६ चा एक नमुना मागून घ्या.