वाचकांचे प्रश्न : लहानग्यासह तंबूतील पहिली रात्र

प्रश्न : आमचा मुलगा २२ महिन्यांचा आहे. लग्नापूर्वी आम्ही दोघेही तंबू घेऊन पुष्कळ भटकलो. येत्या जानेवारीत त्यालाही एका रात्रीसाठी रामटेकजवळ खिंडसी तलावाच्या परिसरात न्यावे, असे मनात आहे. एवढ्याशा लेकराला थंडीत उघड्यावर झोपवू नये, साप-विंचवाचेही भय असते, असे सासूबाई म्हणतात. न्यावे का, आणि न्यायचे तर काय जपावे?
— एक आई, मनीषनगर, नागपूर

उत्तर : अवश्य न्या, मात्र सासूबाईंची भीती बाजूला सारून नव्हे, तर तिच्यात खरे आहे तेवढे सगळे तयारीत धरून न्या.

थंडीविषयी त्यांचे म्हणणे रास्त आहे. नागपुरात जानेवारीतील रात्री एरवी १२-१३ अंशांच्या आसपास असतात, पण थंडीची लाट आली की पारा ८ अंशांखालीही उतरतो आणि तलावाकाठी गारठा शहरापेक्षा जास्तच जाणवतो. तंबूत थंडी जमिनीतून वर येते, म्हणून पांघरुणाइतकीच काळजी अंथरुणाची घ्या : खाली जाड फोमची चटई, तिच्यावर सतरंजी आणि मग गोधडी. एकच जाड स्वेटर चढवण्याऐवजी सुती बंडी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि वर लोकरी स्वेटर असे थर घाला आणि रात्रीतून दोनदा मानेमागे हात लावून पाहा. घाम लागला तर एक थर उतरवा. पांघरूण तोंडावर येऊ देऊ नका. ऊब यावी म्हणून तंबूत शेगडी, निखाऱ्यांची घमेली किंवा गॅस मुळीच पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही.

थंडीत साप कमी फिरतात, तरी निर्धास्त राहू नये. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. त्यामुळे तळ शिवलेला, चेन पूर्ण लागणारा तंबूच घ्या, चेन एक क्षणही उघडी ठेवू नका आणि बूट घालण्यापूर्वी झटकून पाहा. दंशाची नुसती शंका आली, तरी चिरणे, चोखणे, आवळून बांधणे यांत वेळ न घालवता मुलाला हालचाल करू न देता, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून किंवा स्वतःच्या गाडीने रुग्णालय गाठा. प्रतिविष असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, हे निघण्याआधीच फोन करून विचारून ठेवा.

आपल्या पत्रात ज्याचा उल्लेख नाही, त्या गोष्टीची मला सर्वांत अधिक धास्ती वाटते, आणि ती म्हणजे तलाव. या वयाचे मूल वीतभर पाण्यातही बुडू शकते आणि बुडताना आवाज करीत नाही. तंबू पाण्यापासून चांगला दूर ठोका. दोघेही लक्ष ठेवून आहोत, असे म्हणताना प्रत्यक्षात कोणीच लक्ष ठेवीत नाही, असे होते. म्हणून या घटकेला राखण कोणाची, हे तोंडाने बोलून ठरवा. चुलीपाशीही हाच नियम पाळा. जागा कुंपणाची, दिव्याची आणि रात्रभर माणूस असलेली निवडा. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडला यांच्या जंगलालगत स्वतःच्या मनाने तंबू ठोकणे धोक्याचे आहे आणि अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीवाचून प्रवेशच नाही.

आता झोपेचे सांगते, कारण पहिली रात्र निभते की नाही, हे तिच्यावरच ठरते. मुलाला नव्या जागेपेक्षा जुनी सवय मोडल्याचा त्रास अधिक होतो. दोन आठवडे आधी तंबू घरातच उभारा, त्यात त्याला खेळू द्या, दुपारची झोप तिथेच होऊ द्या, आणि मग एक रात्र गच्चीवर काढा. त्याची रोजची गोधडी न धुता न्या, कारण तिच्यातला घराचा वास त्याला ओळखीचा असतो. जेवण, अंगाई आणि दिवा मालवणे घरच्याच वेळेला व्हावे. शहरातल्या मुलाने खरा अंधार पाहिलेलाच नसतो, तेव्हा एक मंद दिवा रात्रभर राहू द्या. (पेंचला २०२४ मध्ये देशातील पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे कृत्रिम उजेडापासून जपलेल्या आकाशाचे ठिकाण, म्हणून मान्यता मिळाली, तिथले आकाश तो मोठा झाल्यावर अवश्य दाखवा.) इतके करूनही तो रडतच राहिला, तर मध्यरात्री गाशा गुंडाळून घरी या. म्हणूनच तास-दीड तासावरची खिंडसी मला पसंत आहे. मात्र त्यासाठी दोघांपैकी एकाची झोप पुरेशी झालेली असावी. पेंगत गाडी चालवू नये.

खाणे घरचेच असावे : मऊ खिचडी, केळी, उकळून गार केलेले पाणी. हंगामातली बोरे, फुटाणे आणि अख्खे शेंगदाणे त्याच्या हाती लागू देऊ नका, कारण ते घशात अडकतात. संत्र्याच्या फोडीतल्या बिया काढून द्या.

परतल्यावर त्याला अंघोळ घालताना काखा, जांघा आणि कानांमागची जागा नीट पाहा. विदर्भात पावसाळ्यानंतर स्क्रब टायफसचे रुग्ण आढळतात. हा आजार गवत-झुडपांतल्या सूक्ष्म किड्यांच्या चाव्यातून होतो आणि चाव्याच्या जागी काळी खपली धरू शकते. म्हणून मुलाला गवतावर न बसवता सतरंजीवर बसवा, आणि पुढच्या तीन आठवड्यांत ताप आलाच तर आपण कुठे मुक्काम केला होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

प्रश्न : जानेवारीत रजा मिळत नाही. मुलीला, वय दीड वर्ष, मे महिन्यात न्यावे का?
— एक वडील, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : नेऊ नये. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तंबू दिवसभर तापतो आणि रात्रही उकाड्याची असते. एवढ्या लहान मुलांच्या अंगातले पाणी फार लवकर कमी होते. डिसेंबरच्या एखाद्या शनिवारी, एकाच रात्रीसाठी जाता आले तरी पुरे.