आयर्लंडमधल्या पॉवर्सकोर्ट हाउसला आई-बाबांना न्यावं का? आतून राजवाडा बघायला मिळतो का?

न्या की. पण "आतून राजवाडा" हे डोक्यातून काढून टाका, नाहीतर आमच्यासारखा पोपट होईल. बाहेरून बघितलं तर करड्या दगडाची भलीमोठी हवेली, आत शिरलात की दुकानं आणि कॅफे. पूर्वीचा तो दरबारी थाट नोव्हेंबर 1974 मध्ये जळाला. आयर्लंडमधला जळका वाडा म्हटलं की सगळ्यांना वाटतं स्वातंत्र्याच्या लढाईत क्रांतिकारकांनी पेटवला असणार, तसे बरेच पेटवले पण होते, पण हा त्यातून सहीसलामत वाचला आणि पन्नास वर्षांनी घरातल्याच धुराड्यातून आग लागून गेला. नुसत्या भिंती उरल्या होत्या, छप्पर परत चढलं ते थेट नव्वदच्या दशकात.

थोडक्यात इतिहास सांगतो, आई-बाबा विचारतीलच. मुळात इथे तेराव्या शतकातली ल पोअर नावाच्या घराण्याची गढी होती, पॉवर्सकोर्ट हे नाव त्यांच्यावरूनच. मग इंग्रजांनी ती विंगफील्ड नावाच्या आपल्या सरदाराला दिली (आधी हा मुलूख ओ'टूल या स्थानिक घराण्याचा होता, त्यांना अर्थातच कोणी विचारलं नाही). 1731 ते 1741 मध्ये रिचर्ड कॅसल्स या आर्किटेक्टने जुनी गढी पोटात घेऊन आजची हवेली बांधली. विंगफील्ड लोकांनी 1961 ला ती स्लेझेंजर कुटुंबाला विकली. हो, टेनिस बॉलवाले तेच.

आता खरा माल, म्हणजे बाग. 47 एकर. हवेलीच्या मागे गेलात की पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारे टेरेस, खाली गोल तळं, तळ्याच्या काठाला दोन पंखवाले घोडे आणि पार मागे शुगरलोफ डोंगर, असा बसवलाय की वाटतं डोंगर पण यांनीच ऑर्डर देऊन आणलाय. हे ज्याने आखलं तो डॅनियल रॉबर्टसन, 1840 च्या दशकातला, पायाच्या गाउटने (सांध्यांच्या दुखण्याने) बेजार, म्हणून त्याला ढकलगाडीत बसवून बागेत फिरवायचे आणि त्याच्या हातात शेरी या वाइनची बाटली असायची, बाटली संपली की त्या दिवसाचं काम पण संपलं असं सांगतात. त्यात 1844 ला मालक इटलीहून पुतळे खरेदी करून परत येताना वाटेतच वारला, मुलगा लहान, काम ठप्प. तो मोठा झाल्यावर पुढचं झालं. शंभरेक मजूर, 12 वर्षं, आणि हाताशी फक्त फावडी, घमेली आणि घोडागाड्या. टेरेसवर जी काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी दिसते ना, ते गोटे जवळच्या ब्रे गावाच्या समुद्रकिनाऱ्यावरून गोळा करून आणलेत. तिथे जरा वाकून बघा, सगळे लोक सेल्फीच्या नादात त्यावरून तुडवत जातात.

जपानी बाग (1908) छोटी आहे पण खाली उतरावं लागतं, बाबांचे गुडघे दुखत असतील तर वरूनच बघा. पेपरपॉट टॉवरवर मात्र चढा, जेवणाच्या टेबलावरच्या मिरपूडदाणीवरून बांधलाय म्हणे, आणि दिसतो पण अगदी तसाच.

पॉवर्सकोर्टचा धबधबा वेगळा, साधारण 6 किमीवर, तिकीट वेगळं, गाडी नसेल तर सोडून द्या. 121 मीटर उंच आहे पण, त्याचा एक किस्सा सांगायलाच हवा. 1821 ला इंग्लंडचा चौथा जॉर्ज राजा येणार म्हणून पाणी वर अडवून ठेवलं होतं, राजा आला की एकदम सोडायचं आणि त्याने खास बांधलेल्या पुलावर उभं राहून बघायचं, असा बेत. राजा हवेलीतच खात-पीत बसला, तिकडे फिरकलाच नाही. नंतर पाणी सोडलं तर पूलच वाहून गेला.

आमच्या आईला काय आवडलं सांगू? ना घोडे ना कारंजं. तिथे पाळीव प्राण्यांची स्मशानभूमी आहे, कुत्री, पोनी, गाई, सगळ्यांना नावाचे दगड. एक युजिनी नावाची जर्सी गाय, दगडावर लिहिलंय 17 वासरं आणि 1,00,000 गॅलनच्या वर दूध. मी वाचून दाखवलं. आईने माहेरी डेअरीला दूध घातलेलं, ती लगेच म्हणाली, "सतरा वेतं झाली असतील रे, चांगली गाय होती. पण गॅलन म्हणजे किती लिटर?" साडेचार म्हटल्यावर तिथेच बाकावर बसून हिशोब: साडेचार लाख लिटर, भागिले सतरा, भागिले तीनशे दिवस. दिवसाला 88 लिटर! जर्सी गाईचं! "थापा. कुणीतरी एक शून्य जास्त मारलंय," म्हणाली, आणि मग दगडावरचा पाला हाताने बाजूला करून नमस्कार करून आली.