बेळगावजवळ जांबोटीकडे उघड्यावर लग्न करायचं म्हणताय? मग आधी एवढं बघा

ताई, बहिणीचं लग्न झाडांच्या सावलीत करायचं ठरवलंत, फार छान वाटलं. नक्की करा. सजावटीचं नंतर बघू.

पहिलं म्हणजे तारीख. तुळशीचं लग्न झालं की फेब्रुवारीपर्यंत आपल्याकडची हवा उत्तम. मधला पौष बरीच घरं टाळतात, तेवढं ज्येष्ठांना विचारा. एप्रिल-मेच्या मुहूर्ताला भुलू नका, बेळगावचा वळीव सांगून येत नाही. माझ्या चुलतभावाच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असतानाच तो आला. अक्षता भिजून बोटांना चिकटल्या, मांडवाच्या कापडात पाण्याचे फुगे लोंबायला लागले आणि आजीला खुर्चीसकट उचलून न्यावं लागलं. म्हणून जवळच पक्कं छप्पर असलेलीच जागा घ्या.

दुसरं, जमीन कुणाची ते विचारा. खानापूर-जांबोटी पट्ट्यात बरंच रान वनखात्याचं आहे, तिथं परवानगीशिवाय मांडव नाही. शक्यतो खासगी शेत किंवा रिसॉर्ट बघा. परवानगीचा अर्ज कन्नडमधून लिहून न्या, काम लवकर होतं. रात्री १० नंतर स्पीकर बंद, वरात त्या हिशेबाने काढा.

नवखे हमखास चुकतात ते इथं:
- पाण्याचा टँकर आणि स्वच्छतागृहं शेवटी आठवतात.
- झाडावर आग्या मोहोळ आहे का, कुणी वर बघतच नाही. धूर, फटाके तिथं नकोच.

जागा मुहूर्ताच्याच वेळी जाऊन बघा, ऊन नवरा-नवरीच्या तोंडावर येतंय का ते तेव्हाच कळतं.