भिंत आधी बघा, मग आत जावा

प्रश्न (खानापूर): मुलगा इंग्लंडात एसेक्समध्ये चेम्सफर्डला नोकरीला आहे, मे महिन्यात आम्ही दोघं तीन महिने जाणार. लंडन सगळेच बघतात, पण आम्हाला जुनी देवळं-वाडे बघायची आवड. तिकडं गावोगावी जुनी चर्च आहेत म्हणे. सुट्टी फक्त शनिवार-रविवारची, सुरुवात कुठून करू?

उत्तर: काकू, मी स्वतः लेकीकडं त्याच भागात राहून आलोय म्हणून आधी एक सांगतो, एसेक्समध्ये बांधायला चांगला दगडच नाही. तुमच्या खानापुरात कसं, खणलं की चिरा निघतोय, तसं तिथं नाही, बऱ्याच ठिकाणी नुसती चिकणमाती आणि शेतात चकमकीचे गोटे. मग लोकांनी काय केलं तर ओकचं लाकूड वापरलं, ते गोटे चुन्यात बसवून भिंती उभ्या केल्या, आणि रोमन लोक सोडून गेले होते त्यांच्या पडक्या इमारतींच्या विटा काढून आणून परत लावल्या. त्यामुळं कुठल्याही चर्चला गेलात की लगेच आत शिरू नका, आधी बाहेरून एक चक्कर मारा आणि भिंत कशाची आहे ते बघा. अर्धी गोष्ट तिथंच कळते.

पहिल्या शनिवारी ग्रीनस्टेडला जावा, ऑंगर गावाजवळ आहे, गाडीनं जवळच पडतंय. जगातलं सगळ्यात जुनं लाकडी चर्च म्हणून त्याचं नाव घेतात. ओकचे ओंडके मधोमध उभे चिरून एकाला एक लावलेत, गोल बाजू बाहेर, सपाट बाजू आत, आणि दोन ओंडक्यांच्या मध्ये खाच पाडून लाकडी पट्टी बसवलीय म्हणजे वारा आत येऊ नये. पूर्वी हे नवव्या शतकातलं समजायचे, पण लाकडाच्या वलयांचा अभ्यास झाल्यावर कळलं की अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं किंवा त्याच्या जरा नंतरचं आहे. आपण जुन्या वाड्याच्या खांबावरनं सहज हात फिरवतो ना, तसा मी बाहेरनं हात लावून बघितला, लाकूड दगडासारखं घट्ट झालंय, उभ्या भेगा पडल्यात, काही भेगांत बोटाचं पेर जातंय, आणि तरी भिंत अजून छप्पर धरून उभी आहे. खाली मात्र विटांचा पाया दिसेल तो 1848 च्या दुरुस्तीचा, कारण ओंडक्यांची जमिनीलगतची टोकं कुजली होती.

दुसरं ब्रॅडवेल. समुद्राच्या काठाला, गाडी लांब लावून शेतातनं चालत जावं लागतंय, गुडघे दुखत असतील तर काठी घ्या पण चुकवू नका. सातव्या शतकात सेड नावाच्या धर्मगुरूनं रोमन किल्ल्याच्या भिंतीवरच, त्याच किल्ल्याचे दगड-विटा घेऊन हे चर्च बांधलं. नंतर कित्येक वर्षं शेतकऱ्यांनी ते कोठार म्हणून वापरलं, बैलगाडी आत जाईल एवढी भोकं भिंतीत पाडली होती, ती बुजवलेल्या खुणा अजून दिसतात. 1920 साली परत चर्च म्हणून सुरू झालं. मला वाटतंय कोठार झालं म्हणूनच ते वाचलं, वापरात होतं म्हणून कुणी पाडलं नाही.

कोलचेस्टरला चेम्सफर्डहून थेट रेल्वे आहे. तिथं सेंट बोटॉल्फचा पडका मठ बघा, कमानीच्या कमानी पातळ लाल रोमन विटांच्या, इंग्लंडच्या यादवी युद्धातल्या 1648 च्या वेढ्यात तोफांनी मोडल्या तशाच ठेवल्यात.

आणि एक जागा चर्च नसली तरी जावाच, क्रेसिंग टेंपल. ही टेंप्लर सरदारांची, म्हणजे ख्रिस्ती धर्मासाठी लढणाऱ्या साधू-योद्ध्यांची शेती, त्यांना 1137 साली राणी मटिल्डानं दिलेली. तिथं धान्य ठेवायची दोन प्रचंड लाकडी कोठारं आहेत, त्यातलं सातूचं कोठार तेराव्या शतकाच्या सुरवातीचं. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन देऊळ, 1204 ची, म्हणजे साधारण त्याच काळात! इकडं आपले कारागीर काळ्या दगडात छताला कमळ कोरत होते आणि तिकडं सुतार तुळईत तुळई अडकवत होते. जायच्या आधी एकदा बस्तीत उभं राहून वर बघून घ्या, मग त्या कोठारात उभं राहून वर बघा.

प्रश्न (निपाणी): आम्ही हिंदू, नुसतं बघायला चर्चमध्ये गेलं तर चालतंय का? चपला काढायच्या?

उत्तर: चालतंय की. चपला काढायच्या नाहीत, पुरुषांनी टोपी काढायची, प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबायचं. पेटी असते, त्यात जमेल तेवढं टाका, कारण छपराची दुरुस्ती त्या पैशातनंही चालते.

तुम्ही निपाणीचे म्हणून अजून एक सांगतो. 1834 साली डॉर्सेटमधल्या टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांनी मजुरी घटवली म्हणून एकजूट केली, शपथ घेतली, तर त्यांना सात वर्षं ऑस्ट्रेलियाला हद्दपारीची शिक्षा झाली. लोकांनी आवाज उठवल्यावर माफी मिळाली आणि परत आल्यावर त्यातल्या काहींना ग्रीनस्टेडच्या परिसरात शेती मिळाली. त्यातल्या जेम्स ब्राइनचं लग्न 1839 साली त्याच लाकडी चर्चमध्ये लागलं. ज्यांच्या घरात निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांच्या 1981 च्या आंदोलनाची आठवण अजून ताजी आहे त्यांना तिथं उभं राहिल्यावर वेगळंच वाटेल.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): गावच्या जुन्या देवळाला सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइल पेंट मारायचा कमिटीचा विचार आहे. तिकडं जुन्या इमारती कशा दुरुस्त करतात?

उत्तर: मामा, कृपा करून थांबवा हे. चुन्यातली भिंत पावसात ओल घेते आणि उन्हात सोडते. वरनं सिमेंट मारलं की ओल आत अडकते, मग दगड-विटा आतनं भुसभुशीत होतात आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. इंग्लंडातही ही चूक भरपूर झाली, आता तेच लोक खर्च करून सिमेंट खरवडून परत चुना भरत बसलेत. विल्यम मॉरिस म्हणून एक कलाकार-लेखक होता, त्या वेळच्या एसेक्समधल्याच वॉल्थमस्टोला जन्मलेला, त्यानं 1877 साली जुन्या इमारती वाचवायला संस्था काढली. तिचं म्हणणं साधं, जेवढं मोडलंय तेवढंच सांधा, नवं करू नका. तिथं नोंद झालेल्या जुन्या इमारतीत परवानगीशिवाय मोठा बदल केला तर गुन्हा होतो.

आपल्याकडं घाण्यात मळलेल्या चुन्याचं काम जाणणारा एखादा म्हातारा गवंडी आसपासच्या गावात मिळू शकतो, आधी त्याला गाठा. आणि मीटिंगच्या आधी एक करा, भिंतीवर ओल कुठवर चढलीय तिथं पेन्सिलीनं बारीक रेघ मारून शेजारी तारीख लिहा, पाऊस संपल्यावर परत रेघ मारा. दोन्ही रेघांचे फोटो कमिटीपुढं ठेवा.