मुलांना घेऊन निसर्गातल्या प्रार्थना-शिबिराला जावं का? लहान मुलं, मौन आणि वेगवेगळ्या श्रद्धांची माणसं हे एकत्र जमतं का?

जावं. आणि जमतं.

एवढ्यावर थांबले असते, पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुमच्या मंडळातले अनुभवी लोक म्हणतात, "मुलं असली की मौनबिन नाटकं नकोत, सरळ भरगच्च कार्यक्रम ठेवा." ते वाचून राहवलं नाही. हे वाक्य मी 11 वर्षं ऐकतेय, तेही माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून.

दादा आणि मी मिळून दरवर्षी तीन दिवसांचं कौटुंबिक शिबिर घ्यायचो. म्हणजे तो घ्यायचा आणि मी भांडायचे. डोंगराच्या पायथ्याशी सपाट जागा, मागे दाट झाडी, बाजूने ओढा. 11 वर्षांपूर्वीच्या शिबिरात 42 माणसं होती, त्यात 17 मुलं. कुटुंबं चार निरनिराळ्या श्रद्धांची, शिवाय कशावरच विश्वास नसलेले आणि बायकोने आणलं म्हणून आलेले दोघं-तिघं. (हे शेवटचे सगळ्यात चांगले शिबिरार्थी असतात. तंबू तेच नीट लावतात.)

दादाने वेळापत्रक छापून आणलं होतं. पहाटे साडेपाचला प्रार्थना, सव्वासहाला व्यायाम, सातला चिंतन, आठला न्याहारी, नऊला व्याख्यान, आणि असं करत करत रात्री दहाला अनुभवकथन. अनुभव कधी घ्यायचा ते त्या कागदावर कुठेच नव्हतं. सोबत चाकांचा एक स्पीकर. पहाटे पाखरं बोलायला लागतात नेमक्या त्याच वेळी तो सुरू व्हायचा. मग पाखरं गप्प, आणि स्पीकरवरून निसर्गाचं गुणगान.

मी त्याला वर्षावासाचं उदाहरण दिलं. बौद्ध भिक्षू पावसाळ्यात तीन महिने एका जागी राहतात. ती प्रथा कशी पडली याची परंपरेने सांगितलेली हकिकत अशी, की लोकांनी तक्रार केली: हे भिक्षू पावसातही हिंडतात, कोवळे अंकुर तुडवतात, बारीक जीव पायाखाली मारतात. तेव्हा बुद्धाने त्यांना थांबायला सांगितलं. जैन साधूंच्या चातुर्मासामागेही हाच विचार आहे. म्हणजे शिबिर या गोष्टीचं मूळच मुळी 'आपण जरा कमी हलूया' असं आहे. निसर्गाने आपल्याला काय द्यावं हा नंतरचा प्रश्न, आधी त्याला आपला त्रास किती होतोय ते बघा.

दादा म्हणाला, "भिक्षूंना पोरं नव्हती."

शेवटी रडारड करून दुसऱ्या दिवशीचा सकाळी सात ते आठ हा तास मी मिळवला. वाटणीत कोपऱ्यातलं खडकाळ शेत पदरात पडावं तसा. त्या तासाचा नियम मी स्वतः पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून झाडाला टांगला: या तासात कुणीही, कुठल्याही कारणाने बोलणार नाही. 'कुठल्याही कारणाने' खाली दोन रेघा.

सात वाजता सगळे ओढ्याच्या काठाने पांगून बसले. पहिली काही मिनिटं चुळबुळ झाली, मग खरंच शांत झालं. इतकं की पाण्याच्या आवाजामागे दुसरा बारीक आवाज आहे हे कळायला लागलं. मी डोळे मिटले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मनात देव नव्हता. दादाला आता कसं दाखवून दिलं, हेच होतं.

साधारण वीस मिनिटांनी एका बाईच्या लक्षात आलं की आपला सात वर्षांचा मुलगा शेजारी नाही. तिने इकडे-तिकडे पाहिलं. नियम आठवला. ओरडली नाही. उठली आणि जवळच्या माणसाच्या खांद्याला हात लावून खुणेने विचारू लागली. हात कमरेएवढा खाली धरायचा, मग दोन्ही तळवे उघडे करायचे: एवढा मुलगा, कुठे आहे? त्या माणसाला वाटलं हा साधनेचाच काही भाग असावा. त्याने हसून तिला नमस्कार केला. दुसऱ्याने तिच्यासारखेच तळवे उघडे करून आकाशाकडे पाहिलं. एका काकूंनी तर तिला मिठी मारली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे सगळं तिने मला नंतर सांगितलं. आज त्यावर आम्ही दोघी हसतो, पण हसायला यायला काही वर्षं जावी लागली.

शेवटी ती माझ्यापाशी आली. माझ्या दंडाला धरून हलवलं. मी डोळे उघडले, तिचा चेहरा पाहिला, तिचे ओठ हलायला लागलेले पाहिले, आणि मी ओठांवर बोट ठेवलं.

हे लिहायला मला 11 वर्षं लागली. दादाला हे माहीत नाही. त्याला वाटतं ती माझ्यापर्यंत पोचलीच नाही.

दादा मौनाला बसलाच नव्हता. तो मांडवाशी स्पीकरची वायर तपासत होता. त्याने तिला धडपडत वर येताना पाहिलं, एक शब्द विचारला, आणि माइक चालू करून त्या मुलाचं नाव पुकारलं. तीनदा. मग म्हणाला, "बाळा, आता बोललेलं चालेल, ओरड." वरच्या बाजूने बारीक आवाज आला. जेमतेम दोनशे पावलांवर, वळणापलीकडे एका खडकावर बसला होता तो. चतुराच्या मागे मागे गेला होता. वाट चुकल्याचं त्याला कळलं होतं, भीतीही वाटत होती. "मग हाक का नाही मारलीस?" असं विचारलं तर माझ्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "कुठल्याही कारणाने, असं लिहिलंय ना."

वाचता येणारं मूल होतं, काय करणार.

तेव्हापासून घरात शिबिराचा विषय निघाला की दादाचं एकच: "माइक नसता तर?" लग्नात, बारशात, दवाखान्याच्या बाकावर बसलेलो असतानासुद्धा. आणि मला उत्तर देता येत नाही, कारण त्या बोटाचं मला ठाऊक आहे.

पण उत्तर आहे, आणि ते तुमच्या मंडळींनाही लागू आहे. चूक मौनाची नव्हती, नियमाची होती. तो लिहिताना मी मुलांचा विचार केला नव्हता, दादाचा केला होता. जिथे मुलं आहेत तिथे 'बोलायचं नाही' असा नियम नसतोच. 'गरज पडली की लगेच बोलायचं, एरवी ऐकायचं' असा असतो. आणि स्पीकरने जे काम केलं ते शिट्टीने झालं असतं. वाहत्या पाण्याशेजारी माणसाची हाक विरून जाते, शिट्टीचा तीव्र स्वर त्यातून वाट काढतो. खिशात मावते, वायर लागत नाही, पहाटे साडेपाचला कुणाला उठवत नाही. तीन शिट्ट्या म्हणजे मदत हवी, हे मुलांना एका मिनिटात कळतं.

त्या मुलाने एक गोष्ट मात्र अगदी बरोबर केली, ती कुणी न शिकवता. हरवल्याचं कळल्यावर तो जागचा हलला नाही. कॅलिफोर्नियात 1981 साली एक नऊ वर्षांचा मुलगा डोंगरात हरवून दगावला. त्याला शोधायला गेलेल्या लोकांनी त्यानंतर मुलांसाठी एक कार्यक्रम सुरू केला, त्याचं सार एवढंच: हरवलास की एका झाडाला मिठी मार आणि तिथेच थांब. फिरणाऱ्या मुलापेक्षा थांबलेलं मूल शोधणं कितीतरी सोपं. आता आमच्याकडे शिबिराची सुरुवात प्रार्थनेने होत नाही, यानेच होते. प्रत्येक मूल एक झाड निवडतं आणि त्याला मिठी मारून दाखवतं. काही मोठी माणसंही मारतात, आणि मग बराच वेळ सोडत नाहीत.

मुलांना किती वेळ शांत बसवायचं? माझा अंदाज, वयाइतकी मिनिटं. सात वर्षांचा असेल तर सात. आणि नुसतं 'गप्प बस' म्हणायचं नाही, काम द्यायचं: जेवढे वेगळे आवाज ऐकू येतील तेवढी बोटं दुमड. रात्रीचं त्याहून सोपं. सगळे दिवे घालवा आणि थांबा. डोळ्यांना अंधाराची नीट सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि मध्येच कुणी मोबाइल उघडला की पुन्हा पहिल्यापासून. एकेक करत चांदण्या वाढत जातात तेव्हा मुलं आपोआप कुजबुजीवर येतात. ज्यूंच्या सुकोत सणात कुटुंबं सात दिवस फांद्या-पानांनी शाकारलेल्या झोपडीत जेवतात, काही झोपतातही, आणि छप्पर इतपत विरळ ठेवायचा रिवाज आहे की त्यातून तारे दिसावेत. लेकराबाळांसकट श्रद्धा आणि उघडं आकाश एकत्र आणायची युक्ती माणसाला फार पूर्वी सापडली आहे. त्यात व्याख्यान नाही, हे दादाने लक्षात घ्यावं.

वेगवेगळ्या श्रद्धांबद्दल विचारलंत. कृपा करून सगळ्यांची मिळून एक बेचव प्रार्थना तयार करू नका. आम्ही ती केली होती. त्यात कुणाचाच देव सापडत नव्हता आणि कुणालाच ती पाठ होत नव्हती. 1986 साली इटलीतल्या असिसीला जागतिक वन्यजीव निधीच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त पाच धर्मांचे प्रतिनिधी निसर्गरक्षणासाठी जमले. बौद्ध, ख्रिस्ती, हिंदू, इस्लाम आणि यहुदी. त्यांनी एक सामायिक निवेदन काढलं नाही. प्रत्येकाने आपापल्या परंपरेच्या शब्दांत वेगळं निवेदन दिलं. तेच बरोबर आहे. एका सकाळी एका कुटुंबाने आपली प्रार्थना आपल्या पद्धतीने म्हणावी, बाकीच्यांनी ऐकावं. म्हणायची सक्ती नाही, हात जोडायची सक्ती नाही. ज्यांचा विश्वास नाही त्यांनी चहाचं आधण बघावं.

फायदा होतो का, हेही तुमच्या प्रश्नात होतं. इथेही दादा मध्ये येतो. 2019 मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यात एकूण 120 मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत चांगली असल्याचं अधिक प्रमाणात सांगत होते. दादाने लगेच फोन केला: "बघ, दोन तास पुरतात. तुझं उरलेलं मौन कशाला?" अरे, तो आठवड्याचा हिशेब आहे, तोही दर आठवड्याचा. आणि मुळात तब्येत चांगली असलेलेच जास्त बाहेर पडत असतील, ही शक्यता आहेच. तसंच ते 'वनस्नान', म्हणजे जंगलात शांतपणे वेळ घालवणं. शिबिरांच्या जाहिरातीत त्याला हजारो वर्षांची प्राचीन विद्या म्हणतात. तो शब्द जपानच्या वनखात्याने 1982 साली काढला, लोकांनी जंगलात यावं म्हणून. झाडाखाली बसावं हे खरं, पण त्यासाठी प्रमाणपत्रधारक मार्गदर्शकाला पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

आता ज्या गोष्टी मी आधी सांगायला हव्या होत्या. गडगडाट ऐकू आला की प्रार्थना असो की मौन, जागेवर सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर यायचं नाही. एकट्या झाडाखाली तर थांबूच नका, तिथे मिठीचा नियम बाद. शौचाचे खड्डे पाण्यापासून साठ मीटर लांब आणि पंधरा ते वीस सेंटिमीटर खोल. कुठलंही मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर नजरेआड जाणार नाही, मग तो माणूस कितीही आदरणीय असो. अशा ठिकाणी आदरणीय माणसंच जास्त असतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. आणि मौन सगळ्यांना मानवत नाही. नुकतंच कुणी गेलं असेल, मन आधीच खचलेलं असेल, तर तासभराची शांतता अंगावर येते. अशांना आधीच सांगून ठेवा की उठून गेलात तरी चालेल, आणि कुणीतरी त्यांच्यासोबत बसेल.

मुलं कितव्या वर्षापासून न्यावीत, हे राहिलंच. कडेवरची न्या, चालणारी न्या. त्यांच्यासाठी नाही, तुमचा वेग कमी व्हावा म्हणून.

दादा, तू हे वाचशील, कारण तुझी सून या साइटवर आहे. बोटाचं आता तुला कळलं. तरी स्पीकर पहाटे लावायचा नाही.

तो मुलगा आता अठरा वर्षांचा आहे आणि आमच्याकडे स्वयंसेवक म्हणून येतो. मागच्या शिबिरात दोरीत ओवलेल्या शिट्ट्या त्यानेच वाटल्या, लहान-मोठ्या सगळ्यांना. दादापाशी गेला तर दादा म्हणाला, "मला नको, माझ्याकडे माइक आहे." पोराने काही न बोलता शिट्टी स्पीकरच्या मुठीला बांधून टाकली.