एसआयडी = '*' लिहूनही एक इन्स्टन्स जुन्याच किमतीवर का राहतो

आपला प्रश्न मी असा समजलो आहे. सीताबर्डीतल्या आपल्या पतसंस्थेत ओरॅकल १९सी चा दोन नोडचा (दोन सर्व्हरांचा) रॅक डेटाबेस, म्हणजे अनेक सर्व्हरांवरून एकाच वेळी चालणारा एकच डेटाबेस, लिनक्सवर चालतो आणि त्याच्या इन्स्टन्सची, म्हणजे प्रत्येक नोडवर चालणाऱ्या ओरॅकलच्या प्रतींची, नावे लेखा१ व लेखा२ अशी आहेत. महिनाअखेरीस ओआरए-०००२० (प्रोसेसची कमाल संख्या ओलांडली) ही त्रुटी येऊ लागल्यामुळे आपण प्रोसेसेस हा पॅरामीटर ३०० वरून ८०० वर नेला, आज्ञेत एसआयडी = '*' (एसआयडी म्हणजे इन्स्टन्सचे नाव) असे लिहिले आणि दोन्ही इन्स्टन्स बंद करून पुन्हा सुरू केले. तरीही लेखा२ वर ८०० आणि लेखा१ वर ३०० च दिसत आहेत. शिवाय प्रत्येक नोडवरच्या १२८ जीबी मेमरीपैकी ६४ जीबी मेमरी_टार्गेटला (ओरॅकलने स्वतः वाटून घ्यायच्या एकूण मेमरीला) दिलेली आहे आणि त्यातली सुमारे ४८ जीबी एसजीएकडे (सर्व प्रोसेसच्या सामायिक मेमरीकडे) जाते, ते योग्य आहे का, आणि क्लस्टर_इंटरकनेक्ट्स (नोडमधल्या खाजगी नेटवर्कचे पत्ते देणारा पॅरामीटर) आपण स्वतः भरावे का, हेही आपण विचारले आहे.

पहिल्या कोड्याचे उत्तर बहुधा एसपीफाइलमध्येच, म्हणजे पॅरामीटर साठवणाऱ्या फाइलमध्येच, आहे. रॅकमध्ये सगळ्या इन्स्टन्सची मिळून एकच एसपीफाइल असते आणि ती एएसएमसारख्या (ओरॅकलच्या डिस्क-व्यवस्थेसारख्या) सामायिक जागी ठेवलेली असते, परंतु तिच्यातली प्रत्येक नोंद कोणासाठी आहे हे नोंदीच्या सुरुवातीलाच लिहिलेले असते. *.प्रोसेसेस ही नोंद सर्वांसाठी आणि लेखा१.प्रोसेसेस ही नोंद फक्त लेखा१ साठी. एकाच पॅरामीटरच्या अशा दोन्ही नोंदी असतील तर त्या इन्स्टन्सपुरती त्याच्या नावाची नोंदच चालते. फाइलमध्ये कोणती ओळ आधी आहे आणि कोणती नंतर, किंवा आज्ञा कोणती जुनी आणि कोणती नवी, याला काहीही महत्त्व नाही. आपण '*' लिहून दिलेल्या आज्ञेने सर्वांसाठीची नोंद बदलली, लेखा१ च्या नावाची जुनी नोंद तिच्या जागी तशीच राहिली, आणि ओरॅकलच्या दृष्टीने यात चूक काहीच झाली नसल्यामुळे त्याने कोणतीही त्रुटी दाखवली नाही. '*' म्हणजे 'सर्व' असे आपण वाचतो. प्रत्यक्षात तिचा अर्थ 'ज्यांची स्वतःची नोंद नाही असे सर्व' असा आहे.

खात्री करण्यासाठी व्ही$एसपीपॅरामीटर या व्ह्यूमधून नेम, एसआयडी आणि व्हॅल्यू हे स्तंभ प्रोसेसेससाठी काढून पाहावेत. माझा अंदाज बरोबर असेल तर दोन ओळी येतील, एक '*' ची ८०० आणि एक लेखा१ ची ३००. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: हा व्ह्यू फाइलमध्ये काय लिहिले आहे ते सांगतो, तर इन्स्टन्स या क्षणी कोणती किंमत वापरत आहेत ते जीव्ही$सिस्टिम_पॅरामीटरमध्ये इन्स्ट_आयडीसह पाहावे लागते. दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय रॅकमधल्या कोणत्याही पॅरामीटरविषयी मत बनवू नये, असे मी माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांना सांगत आलो आहे. व्ही$एसपीपॅरामीटरच्या इझस्पेसिफाइड या स्तंभात सगळ्याच ओळींवर फॉल्स दिसले, तर तो इन्स्टन्स एसपीफाइलवर सुरू झालेलाच नाही आणि मग शोध वेगळ्या दिशेने न्यावा लागेल.

दोन ओळी दिसल्या तर उपाय लहानसा आहे. आधी क्रिएट पीफाइल या आज्ञेने संपूर्ण मार्ग देऊन एसपीफाइलची मजकुरी प्रत काढून ठेवावी. मार्ग न दिल्यास ती प्रत डीबीएस या डिरेक्टरीत आपोआप इनिट फाइलच्या नावाने तयार होते आणि एसपीफाइलचा पत्ता सांगणारी तिथली एका ओळीची फाइल तिच्याखाली पुसली जाऊ शकते. त्यानंतर 'ऑल्टर सिस्टिम रीसेट प्रोसेसेस स्कोप = एसपीफाइल एसआयडी = 'लेखा१'' ही आज्ञा द्यावी. तिने लेखा१ च्या नावाची नोंद पुसली जाईल आणि पुढच्या वेळी सुरू होताना तो इन्स्टन्स '*' ची किंमत घेईल. लेखा१ साठी पुन्हा सेट करून तिथे ८०० लिहिण्याचा मोह होईल, पण तसे करू नये. आज काम होईल, आणि दोन वर्षांनी आपल्या जागी आलेला माणूस '*' लिहून १००० करील तेव्हा हाच प्रश्न तो पुन्हा विचारील. ओआरए-३२०१० आली तर पुसायला तशी नोंदच नव्हती असे समजावे. प्रोसेसेस हा चालू असताना न बदलणारा पॅरामीटर असला तरी तो सर्व इन्स्टन्सवर सारखाच असला पाहिजे असे बंधन नाही. म्हणून पूर्ण डेटाबेस बंद करण्याची गरज नाही, एसआरव्हीसीटीएलने (क्लस्टरच्या नियंत्रण-आज्ञेने) फक्त लेखा१ थांबवून सुरू केला तरी पुरे.

ही विशिष्ट नोंद मुळात आली कुठून, हे आता सांगता येणार नाही. कोणीतरी रात्री फक्त एका नोडवर आलेली अडचण निस्तरताना एसआयडीमध्ये लेखा१ लिहिले असेल आणि सकाळी ते विसरून गेला असेल. ऑल्टर सिस्टिम सेट या आज्ञेत कॉमेंट देण्याची सोय आहे आणि ती टिप्पणी एसपीफाइलमध्ये किमतीसोबत राहते. एखाद्या इन्स्टन्सच्या नावाने नोंद करावीच लागली तर तारीख आणि कारण तिथे लिहावे.

फाइल आणि मेमरी यांच्यात फारकत होण्याचा एक प्रकार मी स्वतः भोगला आहे. ११जी रिलीज २ च्या काळात नागपूरच्याच एका कार्यालयाचा क्लस्टर माझ्याकडे होता. नवतपा चालू होता, बाहेर पारा पंचेचाळिसाच्या वर होता, आणि सर्व्हर रूमचा एसी बंद पडला. एका सद्गृहस्थांनी दार उघडून वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आत लावण्याची सूचना केली होती. सर्व्हरला दमट हवा सोसत नाही हे त्यांना पटवण्यात माझी पंधरा मिनिटे गेली. शेवटी दुसरा नोड आम्ही बंद केला आणि रात्री एसी दुरुस्त झाल्यावर मी तो इन्स्टन्स घाईघाईत एसक्यूएलप्लसमधून हाताने सुरू केला. त्या नोडच्या डीबीएस डिरेक्टरीत कोणे एके काळची स्थानिक एसपीफाइल पडलेली होती. इन्स्टन्सच्या नावाची एसपीफाइल तिथे सापडली की तीच आधी उचलली जाते, एका ओळीच्या इनिट फाइलपर्यंत शोध पोहोचतच नाही. इन्स्टन्स विनातक्रार सुरू झाला, पण वर्षभरापूर्वीच्या किमतींवर. पुढे मी '*' लिहून जे जे बदल केले ते पहिल्या नोडवरून केल्यामुळे सामायिक फाइलमध्ये गेले आणि दुसऱ्याला रीस्टार्टनंतरही त्यांचा पत्ता नव्हता. तीन आठवडे मी चुकीच्या जागी कारण शोधत होतो. तेव्हापासून दोन नियम पाळतो: इन्स्टन्स एसआरव्हीसीटीएलनेच सुरू करायचा, कारण एसपीफाइल कुठे आहे याची नोंद क्लस्टरच्या रजिस्ट्रीत असते, आणि दोन्ही नोडवर शो पॅरामीटर एसपीफाइल चालवून एकच मार्ग दिसतो ना, ते पाहायचे.

कोणते पॅरामीटर सारखे हवेत आणि कोणते वेगळे, याची पूर्ण यादी देत नाही. विचाराची दिशा तेवढी सांगतो. जे डेटाबेसचे आहे ते सर्वत्र एकच असले पाहिजे: डीबी_नेम, डीबी_युनिक_नेम, कंट्रोल_फाइल्स, कॉम्पॅटिबल, डीबी_ब्लॉक_साइझ, क्लस्टर_डेटाबेस, अनडू_मॅनेजमेंट, रिकव्हरी फाइलची जागा आणि तिचा आकार. यात फरक पडला तर दुसरा इन्स्टन्स माउंट होताना ओआरए-०११०५ देऊन थांबतो. जे इन्स्टन्सचे स्वतःचे आहे ते प्रत्येकाचे वेगळेच असले पाहिजे: इन्स्टन्स_नंबर, थ्रेड आणि अनडू_टेबलस्पेस (बदल मागे घेण्याची माहिती ठेवण्याची जागा). या तिन्हींच्या लेखा१ व लेखा२ च्या नावाच्या नोंदी एसपीफाइलमध्ये दिसतील, त्या साफसफाईच्या भरात पुसू नयेत. दोन इन्स्टन्सनी एकच अनडू टेबलस्पेस मागितली तर नंतर येणाऱ्याला ओआरए-३००१३ मिळते. उरलेले बहुतेक पॅरामीटर वेगळे ठेवता येतात, पण ठेवू नयेत.

आता ८०० या आकड्याकडे येतो, कारण माझ्या मते खरा धोका तिथे आहे आणि आपला मेमरीचा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे. रॅकमध्ये प्रोसेसेसची किंमत रोजच्या भाराला पुरेल एवढी ठेवून चालत नाही. दुसरा नोड पडलेला आहे आणि त्याची सगळी कनेक्शन्स या एकट्यावर आली आहेत, त्या दुपारसाठी ती ठरवायची असते. आपल्या ॲप्लिकेशन सर्व्हरांचे कनेक्शन पूल जास्तीत जास्त किती होतात त्याची बेरीज करा, ती दोनाने भागू नका, आणि तिच्यात पार्श्वभूमीवरच्या प्रोसेस, पॅरलल सर्व्हर व जॉब यांच्यासाठी शंभर-दीडशेची भर घाला. बेरीज साडेसहाशेच्या आसपास येत असेल तर ८०० ठीक आहे. सेशन्स वेगळे लिहू नयेत. ते प्रोसेसेसच्या दीडपट अधिक २२ असे आपोआप निघतात, म्हणजे ८०० ला १२२२.

परंतु प्रत्येक प्रोसेस मेमरी खाते, आणि ती केवळ पीजीएपुरती (प्रत्येक प्रोसेसच्या खाजगी मेमरीपुरती) नसते. मेमरी_टार्गेट वापरले की लिनक्सवर एसजीए /डेव्ह/एसएचएम मधून ४ केबीच्या पानांनी बनते आणि ह्यूजपेजेस (मेमरीची मोठी पाने) वापरता येत नाहीत. ४८ जीबी एसजीएची ४ केबीची पाने सव्वा कोटीहून अधिक होतात. पेज टेबलमध्ये (पानांचे पत्ते ठेवणाऱ्या यादीत) प्रत्येक पानाला ८ बाइट लागतात, म्हणून पूर्ण एसजीएला हात लावणाऱ्या एका प्रोसेसचे पेज टेबल ९६ एमबीचे होते, आणि ते प्रत्येक प्रोसेसला स्वतंत्र लागते. ३०० प्रोसेसना जास्तीत जास्त २८ जीबी, ८०० ना ७५ जीबी. प्रत्येक प्रोसेस संपूर्ण एसजीएला हात लावत नाही हे खरे, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी येतो; पण १२८ जीबीच्या यंत्रावर त्याचा अर्धा भागसुद्धा परवडत नाही. /प्रोक/मेमइन्फो मधली पेजटेबल्स ही ओळ महिनाअखेरीच्या दिवशी अवश्य पाहावी.

हेच ४८ जीबी २ एमबीच्या ह्यूजपेजेसमध्ये ठेवले तर पाने २४,५७६ होतात आणि एका प्रोसेसच्या वाट्याला फार तर १९२ केबी येतात. म्हणून मेमरी_टार्गेट आणि मेमरी_मॅक्स_टार्गेट या दोन्ही नोंदी रीसेट कराव्यात, एसजीए_टार्गेट व एसजीए_मॅक्स_साइझ ४८ जीबी आणि पीजीए_ॲग्रिगेट_टार्गेट १६ जीबीपासून सुरुवात करावी, ऑपरेटिंग सिस्टिममध्ये २४,५७६ पेक्षा थोडी अधिक ह्यूजपेजेस राखून ठेवावीत, ओरॅकल वापरकर्त्याची मेमलॉक (मेमरी अडकवून ठेवण्याची) मर्यादा त्या प्रमाणात वाढवावी आणि यूझ_लार्ज_पेजेस = ओन्ली करावे. ओन्लीचा फायदा असा की पाने कमी पडली तर इन्स्टन्स सुरूच होत नाही. अर्धा इकडे, अर्धा तिकडे असा मुकाट्याने चालत राहत नाही. हे सर्व '*' ने करावे आणि जुन्या विशिष्ट नोंदी या पॅरामीटरनाही नाहीत ना, हे आधी पाहावे. एएसएम इन्स्टन्सचे स्वतःचे मेमरी_टार्गेट असते, त्याला मात्र हात लावू नये. आपला डेटाबेस जुन्या आवृत्तीतून अपग्रेड होत आलेला असावा, कारण १९सी चे डीबीसीए (डेटाबेस तयार करण्याचे साधन) ४ जीबीपेक्षा जास्त मेमरीच्या यंत्रावर मेमरी_टार्गेटचा पर्याय देतच नाही.

हे एवढे ताणून सांगण्याचे कारण असे की मेमरी संपून यंत्र स्वॅप करू लागले की क्लस्टरचे हृदयाचे ठोकेही (नोड एकमेकांना पाठवतात ते 'मी चालू आहे' असे संदेश) उशिरा पोहोचतात. खाजगी नेटवर्कवरचे ठोके ३० सेकंद मिळाले नाहीत तर नोड क्लस्टरबाहेर काढला जातो. मिसकाउंटची (ही मुदत ठरवणाऱ्या सेटिंगची) मूळ किंमत तेवढीच आहे. म्हणजे एक नोड एसीमुळे जातो, त्याचा सगळा भार दुसऱ्यावर येतो आणि तो मेमरीमुळे कोलमडतो. आणखी एक जोड: पीजीए_ॲग्रिगेट_लिमिट आपण भरले नसेल तर रॅकमध्ये ते निदान प्रोसेसेस गुणिले ५ एमबी एवढे धरले जाते. ८०० ला ते ४,००० एमबी होते आणि १६ जीबी लक्ष्याच्या दुपटीपेक्षा ते बरेच कमी असल्याने आपल्याकडे मर्यादा ३२ जीबीच राहील. ४८ आणि ३२ मिळून ८० जीबी. उरलेल्या ४८ जीबीत ग्रिड (क्लस्टर सांभाळणारे सॉफ्टवेअर), एएसएम आणि ऑपरेटिंग सिस्टिम आरामात बसतात.

क्लस्टर_इंटरकनेक्ट्स रिकामेच ठेवावे. ते भरले की खाजगी नेटवर्कविषयी क्लस्टरने स्वतःकडे ठेवलेली माहिती बाजूला पडते आणि दिलेला एखादा मार्ग तुटल्यास दुसऱ्यावर आपोआप जाण्याची सोयही जाते. ११.२.०.२ पासून ओरॅकलची एचएआयपी ही सोय हे काम चार इंटरफेसपर्यंत स्वतः करते. अलर्ट लॉगमध्ये १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता पाहून अनेकजण घाबरतात आणि हा पॅरामीटर भरून टाकतात. तो पत्ता एचएआयपीचाच असतो.

रीसेट करण्यापूर्वी व्ही$एसपीपॅरामीटरमधून एसआयडी '*' नसलेल्या सर्व नोंदी काढाव्यात, फक्त प्रोसेसेसच्या नव्हे. इन्स्टन्स_नंबर, थ्रेड आणि अनडू_टेबलस्पेस वगळून जे उरेल ते इथे कळवावे; त्यातले काय पुसायचे आणि काय ठेवायचे ते पाहून मगच मेमरीच्या बदलासाठी रविवारची वेळ मागावी.