फोटो ओळखणारी क्लाउड सेवा एकदा घेतली की पुढे बदलता येते का?

तुम्ही विचारलंय की दुकानाच्या ॲपसाठी एकाच कंपनीची फोटो ओळखणारी सेवा घेतली, तर उद्या ती सोडता येईल का. येते. पण काम कुठे अडतं ते आधीच माहीत असलेलं बरं.

इंदूरला आम्ही महेश्वरी साड्यांच्या एका व्यापाऱ्यासाठी कॅटलॉग बनवला. फोटो टाकला की किनार ओळखायची: चटाई, ईंट, हिरा, चमेली. तयार सेवांना साडीत फार तर 'कापड' आणि 'नक्षी' दिसते, म्हणून आमचेच फोटो देऊन मॉडेल, म्हणजे फोटो ओळखणारा प्रोग्राम, शिकवलं. पुढे सेवा बदलायची वेळ आली तेव्हा कोड चार दिवसांत झाला. अडलं ते एका आकड्यापाशी. सेवा प्रत्येक उत्तराला, ते किती खात्रीचं आहे, याचे गुण देते. ८५ च्या वर गुण आले तर किनार आपोआप नोंदवायची, नाहीतर माणसाला दाखवायची, हा आकडा आम्ही दुकानातल्या जुन्या काकांना शेजारी बसवून, चुका मोजत ठरवला होता. नव्या सेवेत त्याला काही अर्थ उरला नाही. ॲमेझॉन रेकग्निशन ० ते १०० मध्ये गुण देतं, गूगल व्हिजन ० ते १ मध्ये. पण नुसता १०० ने भागाकार करून भागत नाही, कारण एका मॉडेलचे ८५ म्हणजे दुसऱ्याचे ८५ नव्हेत.

आम्हाला तारलं ते काकांनी तपासलेल्या ६०० फोटोंनी. फोटो आणि त्यांची बरोबर उत्तरं व्यापाऱ्याच्याच हार्ड डिस्कवर होती, त्यामुळे नवा आकडा दोन दिवसांत निघाला. काकांना पुन्हा बसवावं लागलं नाही.

शिकवलेलं मॉडेल मात्र तुमचं असेलच असं नाही. ॲमेझॉनच्या रेकग्निशन कस्टम लेबल्समध्ये आपले फोटो देऊन शिकवलेलं मॉडेल बाहेर काढता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या अझुर कस्टम व्हिजनमध्ये 'कॉम्पॅक्ट' प्रकार निवडला तर मॉडेलची ओएनएनएक्स फाइल मिळते, म्हणजे ते दुसरीकडेही चालवता येतं. फोटो चढवण्याआधी हे विचाराच. चेहरे ओळखायचे असतील तर आणखी जपून: एका सेवेनं चेहऱ्याचे काढलेले आकडे दुसरीला चालत नाहीत, मूळ फोटोच लागतात.

सेवा सोडायची वेळ तुम्हीच ठरवाल असंही नाही. आयबीएमची वॉटसन व्हिज्युअल रेकग्निशन १ डिसेंबर २०२१ ला बंद झाली. गूगलनं २०२० मध्ये आपल्या व्हिजन सेवेतून 'पुरुष', 'स्त्री' ही लेबलं, म्हणजे फोटोतल्या माणसाला सेवा देत असलेली नावं, काढून टाकली. तो निर्णय मला योग्यच वाटतो, पण ज्यांच्या डेटाबेसमध्ये तेच शब्द होते त्यांना बदल करावाच लागला. म्हणून डेटाबेसमध्ये सेवेचं लेबल ठेवू नका, तुमच्या दुकानातला शब्द ठेवा.

पहिल्या दिवसापासून तीन कंपन्यांसाठी कोड लिहून ठेवा असा सल्ला पुष्कळ जण देतील. छोट्या दुकानाला तो खर्च झेपत नाही. तेवढ्या वेळात तुमच्याकडच्या जाणत्या माणसाला बसवून दोनतीनशे फोटो तपासून घ्या, आणि ते स्वतःजवळ ठेवा.